एकोणीस नंबरच्या झाडाची शिवण

बेचाळीस वर्षं कपडे शिवून मास्तरांनी दुकानाचं शटर शेवटचं ओढलं, तेव्हा त्यांच्या बायकोला वाटलं, आता माणूस घरी निवांत बसेल. तो भ्रम आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मास्तरांनी घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. दहाव्या दिवशी पडदे अर्ध्या बोटाने आखूड केले. अकराव्या दिवशी त्यांची नजर बायकोच्या नव्या कोटावर गेली, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"अहो, बाहेर जा. कुठेही जा. पण माझ्या कोटाला कात्री लावाल तर याद राखा."

मास्तर गेले. पाण्याच्या टाकीच्या मागे वस्तीची फळबाग होती, तिथे रविवारी सकाळी सात-आठ माणसं खुरपी-बादल्या घेऊन जमतात एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. एकतीस झाडं, प्रत्येकाच्या बुंध्यापाशी नंबराची पाटी, आणि या सगळ्यावर हुकमत एका निवृत्त मुख्याध्यापिकेची. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईंनी पहिल्या दिवशी मास्तरांना एक वाकलेलं रोप काठीला बांधायला दिलं, आणि बांधून झाल्यावर चष्मा वर करून गाठ पाहिली.

"शिंपी आहात का?"

"होतो."

"होतो म्हणजे? हात कुठे ठेवून आलात की काय?"

झालं. त्या दिवसापासून मास्तर बागेचे झाले.

बागेचं काम वर्षभर चाले, आणि त्यात शौर्याचं असं काही नसे. उन्हाळ्यात झाडांच्या आळ्यांत बादलीबादलीने पाणी ओतायचं. पावसात गुडघाभर वाढलेलं गवत उपटायचं, आणि आज उपटलेलं पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच उभं दिसलं की हसायचं. फळं तयार झाली की शिड्या लावून उतरवायची आणि खोक्यांत भरून फाटकाबाहेर ठेवायची. ज्याला हवी त्याने न्यावी. कोण नेतो ते पाहत उभं राहायचं नाही, हा बाईंचा नियम. थंडी पडली, पानं झडली, की बुंध्यांना चुना आणि मोरचूद फासायचा आणि मग छाटणी.

छाटणीचा नियम सगळ्यांत कडक. एका रविवारी सगळ्यांनी झाडाभोवती फिरायचं आणि जी फांदी काढायची तिला लाल चिंधी बांधायची. मग आठवडाभर थांबायचं. तेवढ्यात कुणाला पटलं नाही, तर त्याने चिंधी सोडावी, ती फांदी वाचली. पुढच्या रविवारी कापायचं, आणि ज्याने बांधलं त्याने ते झाड कापायचं नाही.

"ठरवणारा हात वेगळा, कापणारा हात वेगळा," बाई सांगत. "आणि कापणाऱ्याने डोकं चालवायचं नाही. करवत हातात आली की माणसाला प्रत्येक फांदी जास्तीची वाटते."

चिंध्या मास्तरांच्या. बाईंच्याच शाळेच्या रंगमंचाचा पडदा त्यांनी एके काळी शिवला होता, त्यातलं उरलेलं लाल कापड ट्रंकेत होतं. त्याच्या त्यांनी हातभर लांबीच्या एकशेवीस पट्ट्या कापल्या आणि सुतं निघू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कडा दुमडून शिवल्या. बायको म्हणाली, "झाडाच्या चिंध्यांना काठ शिवणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहतेय." छाटणी झाली की पट्ट्या बिस्किटांच्या डब्यातून घरी परत येत, धुतल्या जात, इस्त्री होऊन पुढच्या वर्षाची वाट पाहत.

आता एकोणीस नंबरच्या झाडाविषयी. ते नासपतीचं होतं, पण फळं अशी आंबट आणि दगडासारखी की पाखरंही एकदा चोच मारून पुन्हा फिरकत नसत. बाई ते काढायला निघाल्या होत्या. मास्तरांनी मागून घेतलं.

कारण असं, की मास्तरांच्या अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या वाट्याला आलेल्या जुन्या घराच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी लावलेली एक नासपती होती. बहीणभावांचं सगळं लहानपण त्या झाडाखाली गेलं. अक्काचे गुडघे गेले, घर विकावं लागलं, ती लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात गाडी उभी करायला झाड पाडलं. पाडण्याआधी मास्तरांनी त्याच्या सहा काड्या आणल्या आणि बाईंच्या देखरेखीखाली एकोणीस नंबरवर सहा कलमं बांधली. पाच वाळली. एक जगलं.

त्या एका कलमाची चार वर्षांत हातापेक्षा लांब फांदी झाली. यंदा पानं गळल्यावर तिच्या टोकांवर फुगीर, गोलसर कळ्या दिसल्या. बाईंनी त्या बोटांनी चाचपून पाहिल्या. "या पानांच्या नाहीत, फुलांच्या आहेत. यंदा धरेल."

मास्तर त्या दिवशी तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या न थांबता चढले. अक्का एकोणऐंशीची होती. खिडकीपाशी बसून ती दिवसभर समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे पाहायची आणि कुठला शर्ट कुणी वाईट शिवलाय ते भावाला सांगायची.

"धाकट्या, खरं सांगतोस?"

"बाईंनी सांगितलंय. बाई खोटं बोलत नाहीत, त्यांना जमत नाही."

"मग मी तोपर्यंत मरत नाही जा," अक्का म्हणाली. "मला बाबांच्या झाडाचं एक फळ खायचंय. एकच."

आणि मग ते घडलं.

वाऱ्याचे दिवस होते. कलमाची फांदी हेलकावे खाते म्हणून मास्तरांनी तिला काठीचा आधार दिला आणि खिशात होती ती पट्टी काढून दोन गाठी मारून बांधली. पट्टी एका जुन्या कोटाच्या अस्तराची होती, डाळिंबी रंगाची. कापायची खूण लाल, ही डाळिंबी. मास्तरांच्या मनाला शंकासुद्धा शिवली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शेंदरी, तांबडा, किरमिजी, कुसुंबी आणि डाळिंबी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले, त्याला लाल आणि डाळिंबी म्हणजे मीठ आणि साखर.

कापणीच्या रविवारी अक्काला ताप आला आणि मास्तर तिच्याकडे होते. एकोणीस नंबर बेकरीवाल्याच्या वाट्याला गेला. हा बेकरीवाला चाळिशीचा, कणीक मळून मळून दंड असे झालेले की बागेत त्याला सगळे 'पहिलवान' म्हणत. मनाने लोण्याचा गोळा, पण करवत हातात आली की वादळ. शिवाय छाटलेलं लाकूड त्याच्याच भट्टीला जायचं, त्यामुळे तो ते तिथल्या तिथे वीतवीतभर तुकडे करून पोत्यांत भरायचा.

मंगळवारी दुपारी चिंध्यांचा डबा घरी आला. बायको पाण्यात भिजवणार तोच मास्तर म्हणाले, "थांब, आधी लावून ठेवतो." एकेक पट्टी सरळ करून ते मांडीवर ठेवत होते. लाल, लाल, लाल. मग हात थांबला.

"अगं, ही इथे कशी?"

बायकोने पाहिलं. तिला काही कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला. मास्तर चपला उलटसुलट घालून जिन्यावरून उतरतही होते.

बेकरीत दुपारच्या पावासाठी पाच-सहा माणसं रांगेत उभी होती. मास्तर रांग मोडून पुढे गेले आणि पट्टी काउंटरवर आपटली.

"हा रंग कोणता?"

पहिलवानाने हातातला ट्रे खाली ठेवला. "लाल."

"हा लाल?"

"मग काय हिरवा?"

"डाळिंबी आहे हा, डाळिंबी! डोळे आहेत की बिस्किटं?"

"मला विटकरी वाटतोय," रांगेतला एक म्हातारा म्हणाला.

"तुम्ही पाव घ्या हो!" मास्तर गरजले. त्यांचा आवाज इतका चढू शकतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. "एकोणीस नंबरची फांदी कापलीस ना तू? काठीला बांधलेली?"

पहिलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. अक्काची गोष्ट बागेत कुणाला माहीत नव्हती असं नाही. "मास्तर, दोन गाठी होत्या. म्हटलं, कुणीतरी अगदी नक्की कापा म्हणून दुहेरी बांधलंय. आणि कापणाऱ्याने डोकं चालवायचं नाही..."

"ते तू कधीच चालवत नाहीस!"

पहिलवानाने पिठाचे हात पुसले, पोऱ्यासारखी मान खाली घातली आणि म्हणाला, "ओलं लाकूड मी लगेच जाळत नाही. मागे रचलंय. अजून आहे ते."

बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीच्या भिंतीला लागून छातीएवढा ढीग होता. एकतीस झाडांचे वीतवीतभर तुकडे, सगळे एकमेकांच्या अंगावर. भिंत हाताला कोमट लागत होती. मास्तरांनी ती चाचपली. दोन दिवस या उबेत ओल्या फांदीचं काय उरणार?

तेवढ्यात नर्सताई आल्या. त्या बागेतल्याच, कामावरून परतताना पाव घ्यायला थांबल्या होत्या आणि रांगेतल्या म्हाताऱ्याने त्यांना मीठमसाला लावून सगळं सांगितलं होतं. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "नासपतीच्या काड्या वेगळ्या करू आधी. रडायचं नंतर."

तिघं खाली बसली. पहिलवान उपसायचा, नर्सताई साल बघून नासपतीचे तुकडे बाजूला टाकायच्या. पण नासपतीची झाडं पाच, आणि तुकडे सगळे सारखे. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि एकेक तुकडा बोटांतून फिरवायला सुरुवात केली.

"मास्तर, डोळे मिटून काय शोधताय?"

"शिवण. कलम कितीही जुनं झालं तरी जोड हाताला लागतो."

तासभर गेला. पुढे दुकानात काउंटर मास्तरांच्या बायकोने सांभाळलं होतं. नवऱ्यामागे धावत आलेली ती आता लोकांना पाव बांधून देत होती आणि सुटे नसणाऱ्यांना रागावत होती. मागच्या खोलीत मास्तरांचा अंगठा एका जाड तुकड्यावर थांबला. तिरकी, किंचित उंच रेघ. त्यांनी डोळे उघडले. "हा आमचा."

पण त्या तुकड्यावर एकही कळी नव्हती. कळ्या टोकाला, आणि टोक ढिगात कुठेतरी. मग मास्तरांनी जे केलं ते पहिलवान पुढे कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत असे. चौकड्यांच्या कापडाचे दोन तुकडे जोडताना शिंपी जसा रेघेला रेघ जुळवतो, तसे त्यांनी कापलेल्या तोंडाला तोंड लावून पाहायला सुरुवात केली. करवतीचा तिरपा काप, गाभ्याचा ठिपका, सालीची जाडी. सतरावा तुकडा चपखल बसला. त्याच्या पुढे आणखी एक. त्या शेवटच्या तुकड्याला चार काड्या फुटल्या होत्या, आणि काड्यांवर गोल कळ्या.

नर्सताईंनी नखाने साल किंचित खरवडली. सगळे पुढे वाकले.

"हिरवी आहे," त्या म्हणाल्या. "सुकायला लागली होती, पण नाडी लागतेय."

फोनवर बाईंनी हुकूम सोडला: काड्या ओल्या फडक्यात गुंडाळा, वसंत लागेपर्यंत थंडाव्यात ठेवा. बेकरीच्या फ्रिजमध्ये लोण्याखालचा खण मोकळा झाला. पुडक्याला मास्तरांनी डाळिंबी पट्टी बांधली आणि पहिलवानाने वर कागद चिकटवला, 'याला हात लावणाऱ्याचा हात भट्टीत'.

पुढचे सहा आठवडे मास्तर रोज सकाळी पाव आणायच्या निमित्ताने बेकरीत जात, पुडकं उघडून फडकं ओलं आहे ना ते पाहत. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मग पहिलवान न विचारता चहाचा कप पुढे सरकवू लागला, आणि एका सकाळी मास्तर कपात बघत म्हणाले, "त्या दिवशी जास्त बोललो. चूक माझीच होती. खुणेच्या दिवसांत दुसरी पट्टी बांधली कुणी?"

"नाही मास्तर. माझे डोळे बिस्किटं आहेत हे खरंय. घरीही हेच म्हणतात."

"घरात माणसं दोन आणि पाव चार," मास्तरांची बायको तक्रार करायची. पण चौथा पाव तीच खायची.

अक्काला मात्र सांगायची हिंमत मास्तरांना झाली नाही. ती विचारायची, "कळ्या कशा आहेत?" ते म्हणायचे, "थंडीत आहेत." खोटं नव्हतं ते.

थंडी ओसरली, झाडांचा रस चढू लागला, तेव्हा एकोणीस नंबरवर चार काड्यांची चार कलमं बांधली. दोन मास्तरांनी, एक नर्सताईंनी, आणि एक बाईंच्या आज्ञेवरून पहिलवानाने. तो काडी अशी जपून धरत होता की बाई म्हणाल्या, "अहो, झाड आहे, नवरी नाही." महिन्याभराने मास्तरांचं एक आणि नर्सताईंचं एक फुटलं. पहिलवानाचं वाळलं. तरी तो पुढचे चार रविवार त्या वाळक्या काडीपाशी पाणी ओतत राहिला.

मास्तरांच्या कलमावर पाच पांढरी फुलं उमलली.

"काढून टाका," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "कोवळा जोड आहे. फळाचं ओझं घेतलं तर कलमाचा जीव जाईल. आता खुडलंत तर तीन-चार वर्षांनी झाड नीट धरेल."

तीन-चार वर्षं. मास्तर कात्री घेऊन झाडापाशी उभे राहिले आणि तसेच घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्ही तिला विचारलंत का? फळ तिला खायचंय आणि कात्री तुमच्या हातात, हा कुठला न्याय?"

मग मास्तर जिने चढले आणि अक्काला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पट्टी, करवत, ढीग, फ्रिज. अक्का ऐकून घेत होती. संपल्यावर म्हणाली, "लोण्याखाली?"

"लोण्याखाली."

"मला घेऊन चल तिथे."

पहिलवानाने तिला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीसकट उचलून आणलं. पावाच्या गाडीत, रिकाम्या ट्रेंच्या मधे, नर्सताई तिचा हात धरून बसल्या. "पहिलवान म्हणे," अक्का वाटेत म्हणाली, "कापलीस ती फांदी तूच ना रे?" त्याने आरशातूनच मान हलवली. "बरं केलंस. नाहीतर मला खाली कोण आणणार होतं?"

झाडापाशी खुर्ची टेकवली. अक्काने फांदी ओढून फुलं नाकाशी नेली आणि तिचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं.

"शी! हाच वास! धाकट्या, आठवतं? बाबा म्हणायचे, याचं फूल नाकाला नको, फळ जिभेला हवं." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग पदर सावरावा तशी शाल सावरून तिने बाईंना विचारलं, "कुठून खुडायचं?"

"अक्का, राहू दे," मास्तर म्हणाले. "एक फूल ठेवू. एकाने काय होतंय?"

"एकानेच होतं सगळं. सहातलं एक जगलं म्हणून इथवर आलं ना हे? त्याचा जीव घेऊन मी फळ खाऊ?" तिने पाचही फुलं स्वतःच्या नखांनी खुडली आणि भावाच्या ओंजळीत टाकली. "जोड तू चांगला घातलायस. आता मी थांबते. तुझं झाड थांबतंय का ते बघ."

त्या वर्षापासून छाटणीच्या दिवसांत आधाराला फक्त पांढरी सुतळी, असा नियम झाला. अक्काचा एकदा दवाखान्यात मुक्काम झाला, पुढच्या वर्षी तिचं ऐकू येणं कमी झालं, आणि दर वसंतात ती पावाच्या गाडीतून येऊन नाक मुरडून जात राहिली.

चौथ्या वर्षी एकोणीस नंबरवर सहा फळं टिकली. नासपती झाडावर पिकत नाही. मास्तरांनी ती हिरवी उतरवली आणि बारा दिवस शिवणयंत्राच्या खणात कापडात ठेवली. मग तिसऱ्या मजल्यावर सगळेच गेले. बाई, नर्सताई, मास्तरांची बायको, आणि दारात मावत नव्हता म्हणून आडवा होऊन पहिलवान. मास्तरांनी एक फळ चिरून फोड अक्काच्या हातावर ठेवली.

त्र्याऐंशी वर्षांची अक्का सावकाश चावत होती. कुणी हलेना. पहिलवानाने तर डोळेच मिटले होते.

"हं," ती शेवटी म्हणाली. "बाबांचं जास्त गोड होतं."

मास्तरांचा चेहरा उतरला. अक्काने रिकामा तळहात पुन्हा पुढे केला.

"बघतोस काय? दुसरी फोड दे. एकीने नीट कळत नाही."

तिने ते फळ पुरतं संपवलं, मग दुसरं. उरलेली चार वाटून खाल्ली. बिया मात्र तिने कुणाला टाकू दिल्या नाहीत. डाळिंबी पट्टीचा एक तुकडा मागून घेतला, बिया त्यात बांधल्या, आणि दोन गाठी मारल्या.